रेडिओ सिलोन : हिंदी सेवा

कोलंबो येथून लघुतरंगांवर हिंदी चित्रपटगीते ऐकविणारी नभोवाणीसेवा. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र युद्धानंतर सिलोन सरकारकडे आले. लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होत असल्याने त्याचे कार्यक्रम भारतभर ऐकू येत. १९५२ मध्ये शास्त्रीय संगीताचे पुरस्कर्ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली व श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाच्या, अमीन सायानी यांचे निवेदन असलेल्या ध्वनिफिती मुंबईहून कोलंबोस जात. बुधवारी रात्री खरखर व आवाजातील चढउतार सोसूनही श्रोते रेडिओभोवती जमत. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली व लोकाभिरुचीपुढे धोरणास नमते घ्यावे लागले.