किर्ताची जप्ती

19 मे 303. उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता शहरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनमध्ये, तुम्ही एका घरासमोर उभे आहात. इथे ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमते. आज दारात फेलिक्स आला आहे, सम्राटपूजेचा पुरोहित आणि शहराचा कारभारी. मागे लेखनिक आणि सरकारी गुलाम. चर्च पाडा आणि पवित्र शास्त्र जाळा, असा सम्राट डायोक्लेशियनचा हुकूम फेब्रुवारीत निकोमीडियात निघाला; इथे त्याची अंमलबजावणी आज होते आहे.

घुसा गर्दीतून आत. बिशप पौलुस बसले आहेत, डीकन उभे. फेलिक्स सोनं-चांदी मागत नाही, आधी पुस्तकं मागतो. बिशप म्हणतात, शास्त्र वाचकांकडे असतं, इथे आहे ते घेऊन जा. मग यादी सुरू होते. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, दिवे, समया. बायकांचे 82 अंगरखे, बायकांच्या पायताणांचे 47 जोड, पुरुषांचे 13. गोरगरिबांना वाटायचे असावेत. लेखनिक जोड मोजतोय तोवर तुम्ही ग्रंथांच्या खोलीत डोकावा. कपाटं रिकामी.

चांदी निमूट देणारी माणसं पुस्तकांपाशी का अडतात? त्यांचा देव दिसत नाही, पण बोलतो. संदेष्ट्यांच्या मुखाने बोलला, ख्रिस्तात देहधारी झाला, आणि मंडळीपुढे वाचक उभा राहून मोठ्याने वाचतो तेव्हा आजही बोलतो, असा त्यांचा विश्वास. इथल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही. शास्त्र त्यांच्यापर्यंत कानांनी पोचतं. लिखाणही असं की शब्दांमध्ये जागाच सोडलेली नाही. आधी घोटल्याशिवाय चारचौघांत वाचायला उभं राहायची सोय नाही. त्यामुळे पुस्तकं वाचकांच्या घरी असण्यात लपवाछपवी किती आणि रोजची गरज किती, हे फेलिक्सला काय, मलाही सांगता येणार नाही.

सबडीकन कातुलिनुस एकच भलंमोठं पुस्तक आणून देतो. वाचक कुठे राहतात, हे मात्र तो आणि दुसरा सबडीकन मार्कुक्लिउस सांगत नाहीत. आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा, म्हणतात. दोघांना ताब्यात घेतलं जातं. बिशपांनी आधीच सांगून ठेवलंय की वाचकांना तुमच्याच कचेरीतले कारकून ओळखतात. वाचकांची नावं घेतली नाहीत, वाट दाखवली. मला हे वाक्य त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वाटतं.

आता फेलिक्सच्या मागून वाचकांच्या घरोघर चला. एउगेनिउसकडे चार पुस्तकं. विक्तोर शिक्षक आहे, तो दोन पुस्तकं आणि चार सुट्या वह्या देतो. आणखी असती तर दिली असती, म्हणतो. कोद्देओ घरी नाही. त्याची बायको सहा पुस्तकं बाहेर काढते. सरकारी गुलाम घर धुंडाळतो, आणखी काही सापडत नाही.

सतरा वर्षं पुढे या. डिसेंबर 320. सम्राट आता कॉन्स्टंटाईन, ख्रिस्ती धर्माला राजाश्रय. प्रांताधिकारी झेनोफिलुससमोर तीच यादी वाचली जातेय. 303 मध्ये रांजणामागून चांदीची पेटी आणि दिवा काढून देणारा सबडीकन सिल्वानुस आता बिशप आहे, आणि त्याच्याशी बिनसलेल्या नुंदिनारिउस डीकनने हे प्रकरण उकरून काढलंय. आफ्रिकेतलं चर्च एव्हाना याच प्रश्नावर दुभंगलेलं: ज्याने शास्त्र शत्रूच्या हाती दिलं, त्याच्या हातून झालेल्या दीक्षेत देव असतो का? 314 मध्ये आर्लच्या धर्मसभेने ठरवलं की असा धर्मसेवक पदावरून जावा, पण त्याने दिलेली दीक्षा ग्राह्य राहावी. फुटून निघालेल्या डोनाटिस्ट पंथाला हे मान्य नव्हतं. हात विटाळले की सगळं विटाळलं, असं त्यांचं म्हणणं.

सिल्वानुस डोनाटिस्टांचाच बिशप. झेनोफिलुस त्याला हद्दपार करतो.