चर्चला लोक का जातात?

आमच्या परभणीकडे ख्रिस्ती माणसे थोडी. त्यांच्याविषयी माहिती कमी आणि ऐकीव गोष्टी जास्त. त्यातली एक ठरलेली: दुष्काळात धान्य मिळाले म्हणून बाटले, आणि म्हणून चर्चला जातात. आम्हा मुसलमानांच्या पूर्वजांबद्दलही असेच बोलतात, फक्त तिथे धान्याच्या जागी तलवार असते. म्हणून हे वाक्य कानावर आले की मी जरा सावध होतो.

परभणी आणि जालना दोन्ही निजामाच्या राज्यातले. परतूर तालुका तर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. त्या जालन्यात १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री काम करू लागले. जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे गाव वसवले आणि त्यासाठी जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. ब्राह्मण पाळक, मांग मंडळी, मुसलमान दिवाणाची जमीन! आपल्या शाळेच्या पुस्तकात हे गाव मला कधी दिसले नाही.

जालन्यातले हे काम १८७६ च्या मोठ्या दुष्काळाआधीचे आहे. पुढच्या दुष्काळांत भुकेली माणसे मिशनकडे गेली, हे खरेच. भुकेल्याने जावे तरी कुठे? पण दुष्काळ सरतो, धान्य संपते. नातवंडे रविवारी चर्चला का जात राहिली, याचे उत्तर धान्यात सापडत नाही.

ते मला प्रभुभोजनात सापडते. ज्याच्या स्पर्शाने पाणी विटाळते असे गाव मानत होते, त्याला इथे सगळ्यांबरोबर भाकर आणि द्राक्षरस मिळत होता. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, यावरून आत बसायला मिळण्याची किंमत कळेल. शिवाय भजन. देवळाबाहेर उभे राहून ऐकलेल्या चाली इथे आत बसून स्वतः म्हणायच्या. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी तर अभंग आणि कीर्तन थेट चर्चमध्ये नेले. जात मात्र चर्चमध्येही शिरली, सोयरीक जुळवताना दिसतेच. आम्ही तरी काय वेगळे? जुम्म्याच्या नमाजेत खांद्याला खांदा, आणि निकाहाच्या वेळी बिरादरी.

दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे: वाचन, प्रार्थना, भाकर, आणि शेवटी अनाथ, विधवा, कैदी यांच्यासाठी वर्गणी. इमारतीपेक्षा जमणे महत्त्वाचे. पुढे राजसत्ता धर्मात आली तेव्हा चित्र बदलले. इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्याने चर्चला न जाणाऱ्याला १२ पेन्स दंड होता.

आपल्याकडे उलटे झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मांगाच्या पोराची सवलत जाते, वस्ती आणि गावाची नजर तीच राहते. पोटाचाच हिशेब असता तर रविवारी घरी बसणे फायद्याचे होते.

याच आदेशाने आमच्यातले मेहतर, हलालखोरही बाहेर राहिले आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहीन.