पान्हा का अडतो?

धार काढण्याआधी वासरू सोडायचं, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांपासूनची. वासराने ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडते, हे त्यांना ठाऊक होतं. ते कसं घडतं, हे शास्त्रज्ञांना कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. आज आपण तीच हकिकत ऐकू.

१९१० साली अमेरिकेत ऑट आणि स्कॉट यांनी दुभत्या शेळीला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचला. ही वाटाण्याएवढी ग्रंथी मेंदूच्या खाली असते. अर्क देताच शेळीचं दूध वाहू लागलं. म्हणजे पान्हा सोडणारं द्रव्य त्या ग्रंथीत होतं. आज त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. बाळंतपणाच्या कळाही त्यानेच वाढतात.

मग कास आणि मेंदू यांचं बोलणं होतं कसं? १९४१ मध्ये ईली आणि पीटरसन यांनी गाईच्या अर्ध्या कासेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे धागे कापले. तरी धार काढताना त्या बाजूलाही पान्हा सुटला. उलगडा झाला: निरोप मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो आणि हुकूम रक्तातून खाली येतो. रक्त तर दोन्ही बाजूंना पोचतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं, जवळ कागदी पिशव्या फोडल्या. गाय भेदरली आणि कासेत दूध असूनही ते उतरेना.

बाईचंही तसंच असतं का? १९४८ मध्ये न्यूटन पती-पत्नींनी ते तपासलं. अंगावर पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, तिला अवघड गणितं घातली. बाळाला मिळणारं दूध घटलं. त्याच त्रासात ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा ते पुन्हा वाढलं. दूध आटलेलं नव्हतं, पान्हा अडला होता.

आपल्या घरांत काय होतं? बाळ रडलं की बाळंतिणीला ऐकवतात, "हिच्या अंगावर दूधच नाही." ती धसका घेते, पान्हा आणखी अडतो आणि घरात बाटली येते. दूध खरंच कमी वाटलं तर आशाताईंना जरूर दाखवावं. पण त्याआधी तिला निवांत कोपरा द्या, बाळ वरचेवर छातीशी लावू द्या आणि टोमणे थांबवा. धार काढताना गाईजवळ कोणी आरडाओरडा केला तर आपण त्याला दटावतो. सुनेसाठी, लेकीसाठीही दटावूया.