मुद्रणासाठी मोठ्या कलाकृतीचे लघुकरण

मुद्रणासाठी कलाकृतीचे लघुकरण म्हणजे फलक, कमान किंवा फ्लेक्ससाठी व्हेक्टर आज्ञावलीत तयार केलेली मोठी कलाकृती, तिचे प्रमाण न बिघडवता, पत्रक, निमंत्रणपत्रिका किंवा तिकीट अशा लहान छपाईसाठी सिद्ध करण्याची प्रक्रिया होय. यासाठी कोरल ड्रॉ, ॲडोबी इलस्ट्रेटर, इंकस्केप इत्यादी आज्ञावल्या वापरल्या जातात.

झाडीपट्टीतील उपयोग

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका झाडीपट्टीत मोडतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील हा धानाचा आणि जंगलाचा प्रदेश स्वतंत्र रंगभूमीसाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत येथे गावोगावी रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज (वडसा) हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. नाटकाच्या जाहिरातीत चौकातील फलक आणि हाती देण्याचे पत्रक यांवरील मजकूर बहुधा एकच असतो. मात्र पत्रकावर गाव, तारीख आणि तिकिटाचा दर वाचता आला नाही, तर त्याचा हेतूच साध्य होत नाही.

प्रमाणाचे गणित

२० फूट × १० फूट फलक म्हणजे २४० इंच × १२० इंच. तो १:२० प्रमाणात, म्हणजे ५ टक्क्यांवर आणल्यास १२ इंच × ६ इंच होतो; क्षेत्रफळ मात्र ४०० पटींनी घटते. फलकावरील ३ इंचांचे अक्षर ०.१५ इंच, म्हणजे सुमारे ११ पॉइंट उरते. १ इंचाचे अक्षर ३.६ पॉइंट होऊन वाचनीय राहत नाही. ए४ कागदाची बाजू २९७ मिमी × २१० मिमी असल्याने २:१ प्रमाणाचा फलक त्यावर १४८.५ मिमी उंचीचाच बसतो. उरलेली जागा भरण्यासाठी चित्र ताणल्यास चेहरे विद्रूप होतात. म्हणून मांडणीच नव्याने करावी लागते.

घ्यावयाची काळजी

* रेषा: आकाराबरोबर रेषेची जाडी घटवण्याचा पर्याय बंद असल्यास लहान चित्रावर रेषा जाड दिसतात.
* अक्षरे: दुसऱ्या संगणकावर टंक नसल्यास देवनागरी मजकूर बिघडतो, म्हणून अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करतात. त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नसल्याने मूळ प्रत जपून ठेवतात. अगदी लहान आकारात अनुस्वार, रफार व जोडाक्षरांतील पोकळ्या शाईने भरून जाऊ शकतात.
* छायाचित्रे: फलकावर ७२ डीपीआय असलेले छायाचित्र १:२० प्रमाणात १४४० डीपीआय होते. छपाईस ३०० डीपीआय पुरेसे असल्याने ते कमी केल्यास फाइल हलकी होते.
* रंग: बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवतात, चार रंगांच्या मिश्रणातील काळा किंचित सरकला तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात.
* कडा: कापणीसाठी चहूबाजूंनी साधारण ३ मिमी जादा भाग लघुकरणानंतर नव्याने जोडावा लागतो.

लहान प्रमाणात आरेखन

इलस्ट्रेटरमधील नेहमीच्या पानाची कमाल बाजू सुमारे २२७ इंच असल्याने २० फुटांचा फलक त्यात मूळ मापात मावत नाही. कोरल ड्रॉमध्ये ही मर्यादा १८०० इंच आहे. त्यामुळे फलक १:१० प्रमाणात, २४ इंच × १२ इंच आकारात आखण्याची पद्धत आहे. अशा वेळी छायाचित्रे ७२० डीपीआयची ठेवल्यास प्रत्यक्ष फलकावर ७२ डीपीआय मिळतात. वापरलेले प्रमाण छपाईगृहाला लेखी कळवणे आवश्यक असते, अन्यथा फलक चुकीच्या मापात छापला जाऊ शकतो.