शेतीचे पैसे आणि सातबाऱ्यावरचं नाव

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हटलं की लोकलची गर्दी, कारखाने आणि टॉवर डोळ्यांपुढे येतात. पण पावसाळ्यात बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागा, भाताची लावणी चाललेली दिसेल. आजचा प्रश्न त्या खाचरांचा आहे. सरकार शेतीसाठी पैसे देतं, ते पोचतात कुणाला?

थोडं मागे जाऊ. इंग्रजी अमलात मिळायची ती तगाई. १८८३ चा कायदा विहीर-बांधबंदिस्तीसाठी, १८८४ चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. हे कर्ज होतं बरं का, अनुदान नव्हे. थकलं की शेतसाऱ्यासारखी वसुली. आणि पत कुणाची? ज्याच्या नावावर जमीन, त्याची. आपल्या ठाणे जिल्ह्यात कसणारा पुष्कळदा कूळ असायचा, मालक दुसराच.

मग आला कूळकायदा. १९४८ चा कायदा, १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ, ठरलेली किंमत भरण्याच्या अटीवर, मालक मानलं गेलं. ‘इतर हक्कां’त लिहिलेलं नाव भोगवटादार म्हणून आलं. लहान गोष्ट नव्हती ही.

आता २०१९ मध्ये या. २४ फेब्रुवारीला पीएम-किसान सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, थेट बँक खात्यात. २०२३ मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी’तून तेवढीच भर घातली. अट काय? १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर हवी. नंतर नाव लागलं तर ते वारसाहक्कानेच. वनहक्काचा पट्टा असलेला आदिवासी चालतो. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने करणारा चालत नाही.

इथे खरी गोम आहे. ज्यांच्या आजोबांचं नाव १९५७ ला लागलं, त्यांना आज हप्ता येतो. पण त्याच कूळकायद्याच्या धास्तीने आजचा मालक खंड कागदावर आणत नाही, सगळं तोंडी. समजा, मालक डोंबिवलीत नोकरीला आहे आणि आयकर भरतो. मग त्यालाही निधी नाही. कसणाऱ्याकडे कागद नाही, म्हणून त्यालाही नाही. भात पिकतं, पण त्या शेतावर हा पैसा कुणालाच मिळत नाही. पूर आला, पीक आडवं झालं, की पंचनाम्यातही पुन्हा सातबाराच बघतात.

तगाईपासून हप्त्यापर्यंत सरकारला शेतकरी दिसला तो कागदावरच्या नावातून. १९५७ ला एकदा कागद कसणाऱ्याच्या मागे गेला. तो पुन्हा कसा जाईल, खंडाने करणाऱ्याची नोंद मालकाला धास्ती न वाटता कशी होईल, हा पुढचा प्रश्न. गावाकडे जमीन असेल तर सातबारा काढून बघा. नाव कुणाचं आहे आणि लावणीला कोण वाकतं, तेही बघा. इथे थांबतो.