किलोपासून प्रवाशापर्यंत : विमानप्रवासातील नोंदणीकृत सामानाच्या दायित्वाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विमानतळावर प्रवाशाची बॅग वजनकाट्यावर ठेवली जाते, तिला पट्टी लावली जाते आणि त्या पट्टीचा एक तुकडा प्रवाशाच्या हाती येतो. तेथपासून उतरण्याच्या ठिकाणी बॅग परत मिळेपर्यंत तिचा ताबा संपूर्णपणे विमान कंपनीकडे असतो. या काळात बॅग हरवली, फुटली किंवा उशिरा आली तर भरपाई किती व कोणत्या मापाने द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने गेल्या शतकात अनेकदा बदलले. हे माप सामानाच्या वजनाकडून प्रवाशाच्या हानीकडे कसे सरकले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वॉर्सा करार : वजनाचे माप

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात प्रवासी विमानसेवा सुरू झाली. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्याने एकाच प्रवासात जबाबदारीचे नियम बदलत असत. १९२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने यावर तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या मसुद्यावरून १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. हा करार १३ फेब्रुवारी १९३३ पासून अंमलात आला.

या कराराचे स्वरूप देवाणघेवाणीचे होते. नुकसान झाल्यास दोष कंपनीचाच आहे असे गृहीत धरले गेले. आवश्यक ती सर्व काळजी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर पडला. त्याच्या बदल्यात भरपाईला कमाल मर्यादा मिळाली. नोंदणीकृत सामानासाठी ती किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक होती. यातील एक फ्रँक म्हणजे ६५.५ मिलिग्रॅम सोने. सामान व माल यांच्या बाबतीत कंपनीला आणखी एक सवलत होती : वैमानिकाच्या चुकीमुळे नुकसान झाले, परंतु अन्य सर्व काळजी घेतली होती, असे दाखवता आल्यास ती जबाबदारीतून मुक्त होई. बॅग फुटल्याची लेखी तक्रार तीन दिवसांत करणे बंधनकारक होते. थोडक्यात, प्रवाशाची बॅग आणि व्यापाऱ्याची पेटी यांना कायद्याने एकाच तराजूत तोलले. नवजात उद्योगाला संरक्षण हवे, ही त्यामागील भूमिका होती.

भारतातील स्वीकार

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरवले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४ च्या कायद्याने, वॉर्सा करार ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला. १९५५ च्या हेग प्रोटोकॉलने वैमानिकाच्या चुकीची सवलत काढून टाकली आणि सामान फुटल्याच्या तक्रारीची मुदत सात दिवसांची केली. भारताने हे बदल १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याद्वारे स्वीकारले. देशांतर्गत प्रवासाचे नियम केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे ठरवावेत, अशी तरतूद त्यात होती. त्यानुसार पुढे दीर्घकाळ देशांतर्गत प्रवासात किलोमागे ४५० रुपये ही मर्यादा राहिली. पंधरा किलोची बॅग हरवल्यास ६,७५० रुपये. मग त्या बॅगेत लग्नाचे कपडे असोत वा विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे.

मॉन्ट्रियल करार : प्रवाशाचे माप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोन्याशी बांधलेले हे माप निरुपयोगी ठरू लागले. सोन्याचा अधिकृत भाव संपुष्टात आल्यावर फ्रँकचे चलनात रूपांतर कसे करावयाचे, यावर निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत वाद झाले. पर्याय म्हणून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विशेष आहरण हक्क हे हिशेबी एकक पुढे आले. १९७५ च्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलमध्ये किलोमागे १७ एकके ठरली. म्हणजे वीस किलोच्या बॅगेची कमाल भरपाई ३४० एकके.

खरा बदल २८ मे १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने घडला. त्याने सामानासाठी किलोचे माप सोडून प्रत्येक प्रवाशामागे १,००० एककांची मर्यादा घातली. नोंदणीकृत सामान कंपनीच्या ताब्यात असताना नष्ट झाले, हरवले किंवा त्याचे नुकसान झाले, एवढ्यावरच ती जबाबदार ठरू लागली. अपवाद फक्त सामानातील मूळ दोषाचा. एकवीस दिवसांत सामान न आल्यास ते हरवल्याचे समजून प्रवासी दावा करू शकतो, हेही स्पष्ट झाले. भारतात हा करार ३० जून २००९ पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी चलनवाढीनुसार मर्यादेचा फेरविचार करण्याच्या तरतुदीमुळे ती २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एकके झाली.

ग्राहक कायद्याची भर

हक्क कागदावर असून भागत नाही. तो मागण्याची जागा परवडणारी असावी लागते. दिवाणी दाव्याचा खर्च बॅगेच्या भरपाईपेक्षा अधिक होत असे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीविरुद्ध स्वतंत्र मंच दिला, आणि हा उपाय अन्य कायद्यांना पूरक असल्याचे कलम ३ मध्ये नमूद केले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेज विरुद्ध युनिव्हर्सल एक्सपोर्ट्स या मालवाहतुकीच्या खटल्यात, हवाई वाहतूक कायद्याखालील तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते असा निर्णय दिला. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा दिली. आखातातून परतणाऱ्या रत्नागिरीच्या कामगारासाठी मुंबईच्या फेऱ्या वाचणे, ही गोष्ट लहान नव्हे.

निष्कर्ष

वजनाकडून प्रवाशाकडे झालेला हा प्रवास अद्याप पूर्ण झालेला नाही. १७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने देशांतर्गत प्रवासातही प्रवाशामागे मर्यादा ठरवली. परंतु ती २०,००० रुपयांची. आंतरराष्ट्रीय करारातील मर्यादा मात्र रुपयांत दीड लाखाहून अधिक भरते. मुंबईहून दुबईला जाताना हरवलेली बॅग आणि मुंबईहून नागपूरला जाताना हरवलेली तीच बॅग यांत प्रवाशाचे नुकसान सारखेच असते; भरपाईची कमाल मर्यादा तेवढी वेगळी असते. १९२९ मध्ये मर्यादेचे समर्थन उद्योगाच्या बाल्यावस्थेने होत होते. ते कारण इतिहासजमा झाले आहे. आंतरराष्ट्रीय करारात असलेली नियतकालिक फेरविचाराची तरतूद देशांतर्गत नियमांतही आणणे, हा या इतिहासातून निघणारा स्वाभाविक निष्कर्ष होय.