किमिको दाते : दोन पर्वांची कारकीर्द

जपानची ख्यातनाम टेनिसपटू किमिको दाते हिचा जन्म २८ सप्टेंबर १९७० रोजी क्योटो येथे झाला. मूळची डावखुरी असूनही ती उजव्या हाताने खेळे. चेंडूने टप्पा घेताच तो परतविणे हे तिचे बलस्थान होते. १९९५ मध्ये तिने जागतिक क्रमवारीत चौथे स्थान गाठले. १९९६ मध्ये फेड चषक स्पर्धेत तिने टोकियोत स्टेफी ग्राफला नमविले. विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत मात्र ग्राफनेच तिला रोखले. त्याच वर्षी, ऐन भरात असताना, अवघ्या २६ व्या वर्षी तिने निवृत्ती पत्करली. २००८ मध्ये ३७ व्या वर्षी ती पुन्हा कोर्टवर उतरली. २००९ मध्ये सोलच्या स्पर्धेत, ३९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने एकेरीचे अजिंक्यपद पटकाविले. अखेर २०१७ मध्ये, ४६ व्या वर्षी, तिने टेनिसचा कायमचा निरोप घेतला.